हॉल तीनमध्ये कोणी आहे का?

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शहराच्या उद्योगक्षेत्रातले ज्येष्ठ आणि आमच्यासारख्यांना कायम हक्कानं रागावणारे आदरणीय तात्यासाहेब. आपल्या डेटा सेंटरच्या प्रमुख माननीय सोनिया मॅडम. मुख्यालयातून वेळ काढून आलेले मान्यवर पाहुणे. हैदराबादच्या नियंत्रण कक्षातून मुद्दाम आलेली आमची योगिनी. माझे आजी-माजी सहकारी आणि त्यांची कुटुंबं. कॅन्टीनची मंडळी, गेटवरचे सुरक्षारक्षक बंधू, आणि भीमनगरहून दोन रिक्षांत दाटीवाटीनं बसून आलेले माझे शेजारी, आपणा सर्वांना निशा कडुबा दाभाडे हिचा नमस्कार आणि जय भीम.

मघापासून माझ्याविषयी जे बोललं गेलं ते मी मान खाली घालून ऐकत होते. विजेची बचत किती टक्के झाली, पाणी किती वाचलं, कुठल्या शहरात कुठलं बक्षीस मिळालं. ऐकता ऐकता वाटायला लागलं की ही बाई फारच कर्तबगार दिसते, हिची एकदा ओळख करून घ्यायला हवी. हसा, हसायला हरकत नाही. पण मनातलं सांगू? आज मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला, तर कॅन्टीनमधल्या खुर्च्या कमी पडल्या आणि बाहेरून भाड्यानं आणाव्या लागल्या, याचा. या इमारतीत एवढी माणसं एका जागी बसलेली मी कितीतरी वर्षांनी पाहते आहे.

सोनिया मॅडम मला म्हणाल्या होत्या, कामाविषयी चार शब्द बोला. कामाविषयीच बोलणार आहे. पण माझ्या कामाची गोष्ट माणसांना वगळून सांगता येत नाही. त्यामुळं चाराचे चाळीस शब्द झाले तर अध्यक्ष महाराजांनी घंटी वाजवू नये, एवढी विनंती.

माझे वडील कापड गिरणीत होते. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात एकटी मुलगी. पहिली नोकरी लागली ती चिकलठाण्याकडच्या एका बिअरच्या कारखान्यात, शीतकरण विभागात. माझी आई गीताबाई, तिला गल्लीत 'बिअर' हा शब्द उच्चारायचा नसायचा. कोणी विचारलं की ती सांगायची, आमची निशा बर्फाच्या कारखान्यात आहे. पुढं मी या डेटा सेंटरला आले तेव्हा आईनं विचारलं, इथं काय तयार करतात? मी म्हटलं, काही तयार करत नाहीत. लोक फोनवर फोटो ठेवतात, बँकेचे व्यवहार करतात, पोरांचे निकाल बघतात. ते सगळं कुठंतरी यंत्रांमध्ये साठलेलं असतं. ती यंत्रं अखंड चालतात, त्यामुळं तापतात. त्यांना गार ठेवायचं काम माझ्याकडे. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे परत बर्फाचाच कारखाना की."

ती फार चुकली नव्हती. मी आले त्या काळात यंत्रांच्या हॉलमध्ये मे महिन्यात दात वाजायचे. बाहेर आपल्या शेंद्र्याचं ऊन, डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत आम्ही कानटोप्या घालून. पहिल्या दिवशी मी साध्या साडीवर आले होते. दहा मिनिटांत ओठ निळे पडले असावेत, कारण चिलर ऑपरेटर रामप्रसाद जवळ आले, खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली आणि पुढं गेले.

आजच्या नव्या लोकांना रामप्रसाद माहीत नाहीत, म्हणून सांगते. करमाडच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथलं मेंढरं राखणारं घर. भाऊ मेंढरांमागं फिरायचे, हे एकटे आय.टी.आय. करून नोकरीला लागलेले. खालच्या मजल्यावर चिलरची खोली होती. चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, मालट्रकएवढं. ते चिलर चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. रामप्रसाद आणि त्यांच्यासोबतचे लोक आळीपाळीनं त्या खोलीत अख्खी नोकरी काढत होते.

दुपारी आम्ही त्या खोलीच्या बाहेरच्या ओट्यावर जेवायला बसायचो. आता एक गोष्ट बोलू की नको, असं दोन दिवस मनात चाललं होतं. बोलते. आधीच्या नोकरीत जेवताना माझा डबा माझ्यापुरता असायचा. कोणी वाईट बोलायचं नाही, कोणी अपमान करायचं नाही, फक्त माझ्या डब्याकडं कोणाचा हात यायचा नाही. इथं पहिल्याच आठवड्यात रामप्रसादांनी माझ्या डब्यातल्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला आणि त्यांच्याकडची मिरचीची चटणी माझ्या झाकणात टाकली. त्यांनी ते विचार करून केलं नसेल. मी मात्र घरी जाऊन आईला सांगितलं.  आई म्हणाली, उद्यापासून एक भाकरी जास्त देत जाते.

तर असे ते दिवस होते. आता कामाकडे वळते.

आमची सगळी यंत्रं रांगांत उभी असतात. प्रत्येक यंत्र पुढच्या बाजूनं गार हवा आत घेतं आणि मागच्या बाजूनं गरम हवा सोडतं. आमच्याकडे त्या दोन्ही हवा मोकाट फिरून एकमेकींत मिसळायच्या. मे महिन्यात कूलर लावावा आणि दारं-खिडक्या सताड उघडी ठेवावीत, तसा प्रकार. मग यंत्रांना गार हवा पुरत नाही म्हणून आणखी गार करा, म्हणजे आणखी एक चिलर चालवा. उपाय काही माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता, जगात ठिकठिकाणी करत होते. गार गल्ली आणि गरम गल्ली वेगळी करायची, टोकांना दारं लावायची, भेगा बुजवायच्या, आणि मग हळूहळू तापमान वाढवायचं. यंत्रांना एवढ्या थंडीची गरजच नसते. मग हे आधी कोणी का केलं नाही? कारण सोपं आहे. यंत्र तापून बंद पडलं तर कोणाची तरी नोकरी जाते. वीज जास्त जळाली तर कोणाचीच जात नाही.

मीही कदाचित गप्प राहिले असते. पण त्या वर्षी उन्हाळा फार वाईट होता. चिलरची उष्णता बाहेर टाकायला गच्चीवर कूलिंग टॉवर होते, आणि त्यांत पाणी वाफ होऊन उडून जायचं. नळाचं पाणी कमी पडलं की टँकर यायचे. रामप्रसादांनी एकदा मला वस्तीवर जेवायला बोलावलं. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई माझ्याशी चांगल्या बोलल्या, चांगलं वाढलं, आणि हात धुताना तांब्या पुढं करून म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. आमी टँकरची वाट बघत बसतोत आन् तुमचे टँकर आमच्या समोरून आत जातेत. येवढं पाणी करता काय तुमी?"

वाफ करतो, हे खरं उत्तर होतं. मला ते त्यांच्या अंगणात उभं राहून देता आलं नाही.

त्यानंतर मी प्रस्ताव मांडला. बैठकीत काय झालं ते सविस्तर सांगत नाही, व्यासपीठावर त्या बैठकीतली मंडळी आहेत आणि आज त्यांनी मला शाल दिली आहे. एवढंच सांगते, की दोनदा नकार आला आणि तिसऱ्यांदा परवानगी मिळाली. एकाच हॉलमध्ये करून बघा, हॉल तीनमध्ये. आणि काही बिघडलं तर जबाबदारी एकट्या दाभाडे मॅडमची.

आम्ही टोकांना दारं बसवली, वरून पारदर्शक पडदे सोडले, यंत्रांच्या मधल्या रिकाम्या खणांना झाकणं लावली. मे महिन्यातली दुपार मी मुद्दाम निवडली. सगळ्यात वाईट दिवशी जमलं तर इतर दिवशी जमणारच. तापमान वाढवायला सुरुवात केली तेव्हा काचेच्या पलीकडं सगळं ऑफिस उभं होतं, आत मी एकटी. जरा वेळानं दार उघडलं आणि रामप्रसाद आत आले. त्यांना मी हातानं खूण केली, की बाहेर थांबा, तुमचं नाव यात यायला नको. ते म्हणाले, नाव यायचं ते आलंच आता, सगळे बघायलेत.

एकेक अंश करत आम्ही वर गेलो. सगळं ठीक चाललं होतं आणि शेवटच्या रांगेतल्या यंत्रांच्या एका कपाटाचा इशारा वाजायला लागला. तापमान चढत होतं. काचेबाहेरून हात हलायला लागले, की बंद करा, पूर्वीसारखं करा.  एक मिनिटभर मला खरोखर वाटलं, की आपण उगीच शहाणपणा केला. मग मी खाली वाकून त्या कपाटाच्या बुडाशी हात फिरवला, तर गरम हवेचा झोत लागला. फरशीतलं केबलचं एक छिद्र बुजवायचं राहून गेलं होतं. मी हात तसाच धरून ओरडले, इथं काहीतरी लावा. रामप्रसादांनी गळ्यातला रुमाल काढला, मी तो कोंबला. आणि आम्ही दोघं त्या फरशीवर बसून आकड्याकडं बघत राहिलो. तो थांबला. मग खाली यायला लागला.

त्या मे महिन्यात आमचा एक चिलर बंद झाला आणि बंदच राहिला. ओट्यावर जिलबी वाटली गेली. मंजुळाबाईंनी वस्तीवरून लोणी पाठवलं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात तेवढी माणसं माझ्यावर एकदम खूश असण्याचा तो एकच उन्हाळा.

मग बाकीचे हॉल झाले. गच्चीवर पाणी न वापरता नुसत्या बाहेरच्या हवेवर गार करणारी यंत्रणा आली. आपल्याकडची थंडी, बाहेरची कोरडी हवा, या गोष्टी फुकट मिळतात, त्या वापरायच्या. डिसेंबरच्या एका सकाळी मी आणि रामप्रसाद खाली चिलरच्या खोलीत होतो आणि उरलेला एकमेव चिलर त्यांनी बंद केला.

ती शांतता मी तुम्हाला कशी सांगू? त्या खोलीत आम्ही इतकी वर्षं ओरडून बोललो होतो. साध्या आवाजात आम्ही तिथं एकमेकांना कधी ऐकलंच नव्हतं. वर कुठंतरी पाईपमधून पाणी उतरत होतं, तेवढाच आवाज. मला इतका आनंद झाला होता, की मी वेड्यासारखी हसत होते. आणि रामप्रसाद माझ्याकडं बघून म्हणाले,

"ताई, हे आता परत लागायचं नाय का?"

मी म्हटलं, "कडक उन्हाळ्यात थोडं लागेल. बाकी नाही."

ते चिलरवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "मंग आमी?"

मंडळी, आज माझ्याविषयी जी टक्केवारी वाचली गेली, ती सगळी त्या दोन शब्दांपुढं मला सांगता आली नाही. मी म्हटलं, काहीतरी बघू. ते व्हय म्हणाले आणि पुसायचं फडकं घेऊन चिलर पुसायला लागले.

मी बघितलं, हे सांगायला हवं. मुख्यालयात गेले, भांडले, या लोकांना दुसरं काम शिकवा म्हणून मागं लागले. काही जण पंपांवर राहिले, काही जण विजेच्या विभागात गेले, ते आज इथं बसलेले आहेत. पण सगळ्यांना जागा झाली नाही. रामप्रसादांची बदली नवी मुंबईला झाली, कंपनीच्या जुन्या केंद्रात, जिथं चिलर अजून चालू होते. पन्नाशी उलटलेला माणूस, वस्ती सोडून चौघांच्या खोलीत राहायला गेला. जाताना त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुमचं काम लई चांगलं झालं ताई." त्यात टोमणा होता की मनापासूनचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, निशाताईंना पस्तावा होतोय. नाही. हे अगदी स्पष्ट बोलते, कारण इथं नवीन इंजिनिअर बसले आहेत. जे केलं ते करायलाच हवं होतं. आपल्या भागात पाणी वाफ करून उडवायचा आणि वीज नुसती हवेत सोडायचा आपल्याला अधिकार नाही. उद्या पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा त्या फरशीवर बसेन. पण योग्य काम केलं की माणसं आपोआप जवळ राहतात, असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. ओट्यावर जे उरले होते ते मला पाहून बोलणं थांबवायला लागले. वाईट कोणी वागलं नाही. फक्त हळूहळू ते जेवायला दुसरीकडं बसायला लागले. मी महिनाभर तिथं डबा घेऊन बसत होते. मग मी टेबलावरच जेवायला लागले. आई जास्तीची भाकरी देतच होती. ती मी संध्याकाळी गेटवरच्या कुत्र्याला घालायचे. आईला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर नियंत्रण कक्ष हैदराबादला गेला. तापमान, पंखे, पंप, सगळं तिकडून दिसतं आणि तिकडून चालतं. ही सुधारणाच आहे, त्यानं आणखी वीज वाचली. मग आम्ही विचार केला, की हॉलमध्ये माणसंच नसतात तर दिवे कशाला? हालचाल झाली तरच दिवे लागतील अशी सोय केली. ही कल्पनाही माझीच. त्यामुळं तक्रार कोणाकडं करणार? मी फेरीला निघाले की माझ्या डोक्यावरचे दिवे लागायचे आणि मी पुढं गेले की मागचे विझायचे. मी थांबले, उभी राहून काही लिहीत असले, तर माझ्यावरचेही विझायचे. मग एक हात वर करून हलवायचा, की बाबा, आहे, अजून आहे.

आई गेली त्या महिन्यातली गोष्ट. रजा संपवून मी कामावर आले होते. घरी बोलायला कोणी उरलं नव्हतं आणि इथंही नव्हतं. मी हॉल तीनमध्ये जाऊन एका रांगेच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचे. आत आता स्वेटर लागत नव्हता, बरं वाटायचं. एके दुपारी भिंतीवरचा फोन वाजला. हैदराबादहून कोणी मुलगी बोलत होती. नवी होती, हिंदीत विचारत होती, की हॉल तीनमध्ये कोणी आहे का? तिथले दिवे अधूनमधून लागतायत, सेन्सर बिघडला आहे का ते तपासायला कोणाला पाठवता येईल का?

मी म्हटलं, सेन्सर चांगला आहे. मी आहे.

ती म्हणाली, बरं, मग मी बिघाडाची नोंद बंद करते.

तिनं ठेवायच्या आत मी विचारलं, तुमचं गाव कोणतं? का विचारलं, कोण जाणे. फोन ठेवला जाऊ नये, एवढंच असावं. पलीकडून मराठीत उत्तर आलं, "वैजापूर." ती ही योगिनी. तेव्हापासून ती रोज दुपारी एकदा फोन करते. सुरुवातीला तापमान विचारायची, जे तिला माझ्याआधी दिसत असतं. मग काय जेवलात ते विचारायला लागली. योगिनी, तू आज इतक्या लांबून आलीस आणि मला पहिल्यांदा समोरासमोर पाहिलंस. आवाजावरून मी उंच वाटायचे म्हणालीस, तुझी निराशा झाली असेल. पण बाळा, तुझ्या त्या फोननं मला या इमारतीत टिकवलं. हे तुझ्या वरिष्ठांसमोर सांगते, म्हणजे कामाच्या वेळेत गप्पा मारल्या म्हणून ते तुला रागावणार नाहीत.

आता शेवटचं सांगते आणि बसते.

रामप्रसादांना मी नवी मुंबईला फोन करायचे. पहिल्यांदा ते बोलले, व्हय, बरंय, एवढंच. मग दुसऱ्या कोणीतरी उचलून सांगायला लागलं, की ते बाहेर आहेत. मग कोणीच उचलेना. आई गेल्याचा निरोपही पाठवला होता, त्याचं उत्तर आलं नाही. मी समजायचं ते समजले. राग आहे, आणि रागाला जागा आहे. मी फोन करणं सोडून दिलं.

गेल्या दिवाळीत ते निवृत्त होऊन वस्तीवर आल्याचं कळलं. या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी मागच्या रविवारी गेले. फोनवर नको, जे काय ऐकून घ्यायचं ते तोंडावर ऐकून घेऊ म्हटलं. मंजुळाबाई अंगणात होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. रामप्रसाद पलीकडं वाड्यात मेंढरांपाशी पाठमोरे उभे होते. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. मी परत हाक मारली. नाही. मला वाटलं, झालं, हेच ऐकायला आले होते. मी उठले.

मंजुळाबाई म्हणाल्या, "बसा. त्यांला ऐकू येत नाय."

मला आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "लई दिवस झाले. फोनवर तर कायच कळत नाय. चारचौघात काय बोललं ते परत परत इचारायची लाज वाटती, म्हणून घेतच नाय फोन. डाक्टर म्हणला, मशिनीच्या आवाजानं गेलेत कान."

मी विचारलं, "माझ्यावर राग नव्हता?"

"व्हता की. नाय कसा म्हणू? पर फोन त्यापायी नव्हता सोडला."

त्या खोलीत आम्ही तापमान मोजत होतो, दाब मोजत होतो, वीज मोजत होतो, पाणी मोजत होतो. आवाज किती आहे आणि तो कोणाच्या कानात जातोय, हे मोजायचं ना कंपनीच्या मनात आलं, ना कंपनीच्या डॉक्टरच्या, ना आणखी कोणाच्या. सोनिया मॅडम, मला आज जी भेट मिळाली ती मी डोक्याला लावते. पण निरोपाची म्हणून एक गोष्ट मागायची मला मुभा असेल तर मी ही मागते: चिलरच्या खोलीत ज्यांनी ज्यांनी नोकरी केली, इथं आणि नवी मुंबईला, त्या सगळ्यांचे कान कंपनीनं तपासून द्यावेत आणि लागेल त्याला यंत्र द्यावं. वाचलेल्या विजेच्या पैशांत तेवढं सहज बसेल. मॅडम मान हलवताहेत. सभागृह साक्षीला आहे. आभारी आहे.

मग रामप्रसाद वळले आणि मला बघितलं. आले, समोर बसले. चेहरा फार उतरला आहे. मी मोठ्यानं, अगदी त्या खोलीत बोलायचे तसं ओरडून सांगितलं, की माझा निरोप समारंभ आहे, तुम्ही या. ते माझ्या ओठांकडं बघत होते. त्यांना कळलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "नाय येत ताई. तिथं आलो तं ती खोली बघावी वाटंल. आन् तिथं आता काय नाय."

मी म्हटलं, बरोबर आहे. मी आग्रह केला नाही.  मेंढरं आत घेतली गेली. मी निघाले तेव्हा मंजुळाबाईंनी मला विचारलं, समारंभ किती वाजता संपतो? मी म्हटलं, संध्याकाळी, मग जेवण आहे. त्या म्हणाल्या, "जेवण राहू द्या तिथलं. हिकडंच या. भाकऱ्या टाकते मी." आणि त्यांनी नवऱ्याच्या तोंडासमोर जाऊन तेच हातवारे करून सांगितलं. रामप्रसादांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "येऊ दे."

मला उशिरापर्यंत बोलू दिल्याबद्दल तात्यासाहेबांचे, मान दिल्याबद्दल सोनिया मॅडमचे आणि पाहुण्यांचे, खुर्च्या उचलून आणणाऱ्या कॅन्टीनच्या मुलांचे, शेजाऱ्यांचे, योगिनीचे, ज्यांच्याशी बोलणं तुटलं आणि तरी जे आज येऊन बसले त्या सगळ्या सहकाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घालावं. आणि आणखी एका गोष्टीची आधीच माफी मागते. एवढी पंगत माझ्या नावानं मांडली आहे, पण मला जेवायला थांबता येणार नाही. बाहेर रिक्षा उभी आहे, करमाडकडचा रस्ता अंधाराचा आहे, आणि तिकडं भाकऱ्या टाकायला सुरुवात झाली असेल. तुम्ही सगळे मात्र सावकाश जेवा, एकत्र बसून जेवा.

जय भीम. नमस्कार.